ऋण, हिशेब आणि पदवी : ब्रिटिश विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांच्या लेखनाचा विचार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटनमध्ये शिकावयास गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनी, आणि त्यांच्याविषयी इतरांनी, जे लेखन केले त्याचा आज एक मोठा संचय झाला आहे. आत्मचरित्रे, पत्रे, आठवणी आणि कादंबऱ्या अशा निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांत तो विखुरलेला आहे. भारतीय भाषांतील समीक्षेने या लेखनाकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले. त्यात तिला एकतर पूर्व आणि पश्चिम यांच्या भेटीची कथा दिसली, किंवा प्रतिकूल परिस्थितीतून वर आलेल्या व्यक्तीच्या यशाची कथा दिसली. दोन्ही दृष्टींना आधार आहे. परंतु त्या दोन्हींतून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. हे लेखन प्रत्यक्ष वाचू लागले म्हणजे असे आढळते की, त्यात व्याख्यानगृह, ग्रंथ आणि अध्यापक यांच्या वाट्याला आलेली पाने थोडी आहेत. भाड्याची खोली, घरमालकीण, जेवणाचे ताट, शेगडीचा खर्च, शिष्यवृत्तीचा हप्ता आणि परतीची तारीख यांनीच बराचसा मजकूर व्यापला आहे. हे विषयांतर आहे असे समजून वाचक पुढे सरकतो आणि पदवीदानाच्या प्रसंगाशी येऊन थांबतो. वस्तुतः या लेखनाचे मर्म त्या वगळलेल्या तपशिलातच आहे. विद्यार्थी तेथे कोणाच्या पैशावर गेला, त्या पैशाच्या बदल्यात त्याने काय लिहून दिले आणि ते ऋण त्याने कसे फेडले, या तीन प्रश्नांची उत्तरे या लेखनाचा घाट आणि त्याचा स्वर ठरवितात.

भारतीय परंपरेत अध्ययनाला ऋणाच्या परिभाषेतच स्थान मिळाले आहे. देवऋण आणि पितृऋण यांच्यासमवेत ऋषिऋण मानले गेले, आणि ते अध्ययनाने फिटते अशी श्रद्धा होती. परदेशी शिक्षणाने या कल्पनेची उलटापालट केली. येथे अध्ययनाने ऋण फिटत नाही; अध्ययनासाठी ते काढावे लागते.

महात्मा गांधींची आत्मकथा या दृष्टीने आरंभीचा आणि अत्यंत स्वच्छ नमुना ठरते. १८८८ च्या सप्टेंबरमध्ये ते मुंबईहून निघाले, ते कुटुंबाच्या ऋणावर. थोरल्या भावाने पैशाची जबाबदारी उचलली होती. परंतु जातीने बहिष्कार घातल्यामुळे ऐनवेळी तो पैसा ज्यांच्या हाती होता त्यांनी तो देण्यास नकार दिला आणि भाड्याची रक्कम एका स्नेह्याकडून उसनी घ्यावी लागली. लंडनमधील प्रकरणांत कायद्याचा अभ्यास अल्पच येतो. लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत लॅटिनमध्ये आलेले अपयश आणि दुसऱ्या प्रयत्नातील यश येते. इनर टेंपलमधील भोजनांचा प्रसंग येतो, आणि त्यात मद्य न घेणाऱ्या या विद्यार्थ्याला आपल्या गटात घेण्यासाठी इतरांची कशी चढाओढ लागे, हे मिस्कीलपणे सांगितलेले असते. परंतु या भागाचा कणा आहे तो हिशेब. बसभाडे आणि टपालाची तिकिटेही टिपून ठेवणारी वही, रोज रात्री जुळविलेली शिल्लक, कुटुंबात राहणे सोडून घेतलेली स्वतंत्र जागा, पुढे एकच खोली, घरी शिजविलेली ओटची पेज आणि पायी तुडविलेले रस्ते. १० जून १८९१ रोजी त्यांना बॅरिस्टरीची सनद मिळाली, ११ तारखेला त्यांनी उच्च न्यायालयात नाव नोंदविले आणि १२ तारखेला ते घरी निघाले. ज्या गोष्टीसाठी तीन वर्षे घालविली ती अशी तीन दिवसांत आटोपते, आणि निवेदकाला तीविषयी अधिक काही सांगावेसेही वाटत नाही. पुढील आयुष्यात सार्वजनिक पैशाच्या पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस त्या खोलीत घडला, हे त्याला सांगावयाचे आहे. म्हणूनच या प्रकरणांना विद्यापीठीय आठवणींचे रूप न येता शिस्तीच्या जडणघडणीचे रूप येते.

नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे ऋण वेगळ्या जातीचे होते. गुणवत्तेने त्या सरकारी शिष्यवृत्तीस पात्र ठरल्या; स्त्री असल्यामुळे ती त्यांना नाकारण्यात आली. तेव्हा इंग्लंडमधील काही हितचिंतकांनी वर्गणी गोळा केली, आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव या वर्गणीदारांत होते. १८९२ मध्ये विद्यापीठाच्या विशेष अनुमतीने त्या कायद्याच्या उच्च परीक्षेला बसल्या आणि ती उत्तीर्ण झाल्या. तथापि स्त्रियांना पदवी देण्याचा निर्णय ऑक्सफर्डने १९२० मध्ये घेतला. सोराबजींच्या हाती पदवी आली ती १९२२ मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. १९३४ मधील त्यांच्या ‘इंडिया कॉलिंग’ या आत्मकथनात या तीस वर्षांची कटुता जवळजवळ नाही. ऑल सोल्सच्या ग्रंथालयात वाचावयास मिळालेली परवानगी, बेंजामिन जाउएट यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांचा स्नेह, भोजनांची निमंत्रणे यांविषयी त्या भरभरून लिहितात. हे लेखन आनंदी आहे, आणि त्या आनंदाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु वर्गणीवर शिकलेल्या व्यक्तीला तक्रारीचा अधिकार उरतो काय, असा प्रश्न चिकित्सक वाचकाच्या मनात उभा राहतो. उत्तरकाळात सोराबजी ब्रिटिश सत्तेच्या समर्थक राहिल्या आणि राष्ट्रीय चळवळीविषयी त्यांची भूमिका प्रतिकूल होती. तिचे सारे कारण ऑक्सफर्डमध्ये शोधणे अन्यायाचे होईल. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी केलेले दीर्घ कार्यही त्या भूमिकेच्या मुळाशी आहे. तरीही उपकारकर्त्याचे ऋण व्याजासह फेडता येत नाही, केवळ कृतज्ञतेनेच फेडत राहावे लागते, ही जाणीव त्यांच्या गद्याच्या सौजन्यात सर्वत्र मुरलेली दिसते.

जी सरकारी शिष्यवृत्ती सोराबजींना मिळाली नाही, तशाच शिष्यवृत्तीवर दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ मध्ये केंब्रिजला गेले. १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते सीनिअर रँग्लर झाले आणि परत येऊन, आधी दिलेल्या शब्दानुसार, अल्प वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले. ‘रँग्लर’ हा शब्द तेव्हापासून महाराष्ट्रात घरोघर पोचला. केंब्रिजमधील एका परीक्षेच्या श्रेणीचे नाव मराठीत सन्मानाची उपाधी बनावे, यात एका पराधीन समाजाच्या मनोवस्थेचा मोठा पुरावा आहे. त्या समाजाला पदवी हवी होती. ती मिळविताना विद्यार्थ्याने काय भोगले हे ऐकण्याची त्याला निकड नव्हती. येथूनच परदेशी शिक्षणाच्या मराठी कथेला यशोगाथेचा साचा मिळाला, आणि तो साचा फार काळ टिकला.

या साच्याला सर्वांत मोठा तडा जातो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला होता. १९१६ मध्ये ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये त्यांनी प्रवेश घेतला. आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत विद्यापीठाने दिली होती. महायुद्धाच्या त्या दिवसांत वेगळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे ग्रंथ आणि कागदपत्रे समुद्रात बुडाली. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या स्नेह्याने दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. घरमालकिणीने दिलेला तुटपुंजा आहार, रात्री भुकेवर भाजलेले पापड आणि ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस मावळेपर्यंत चाललेले वाचन यांची हकीकत चरित्रकारांनी नोंदविली आहे. १९२१ मध्ये त्यांनी एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये, प्रबंधात परीक्षकांच्या अपेक्षेनुसार फेरफार केल्यावर, डी. एस्सी. ही पदवी मिळविली. तो प्रबंध ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी आपले मतभेद नमूद करून त्याला प्रस्तावना लिहिली. ज्या विद्यार्थ्याला एकेका पौंडाचा विचार करावा लागत होता त्याने रुपयाच्या मूल्याचा इतिहास लिहिला. त्या ग्रंथात मात्र त्याच्या स्वतःच्या टंचाईचा मागमूसही नाही, आणि हा संयम विलक्षण म्हटला पाहिजे.

परंतु समीक्षेच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आंबेडकरांनी लंडनच्या विद्यार्थिदशेचे सविस्तर आत्मकथन केलेच नाही. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेले आणि त्यांच्या निधनानंतर, १९९० मध्ये, पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेले ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचे छोटे आत्मपर लेखन या संदर्भात पाहिले पाहिजे. त्यात परदेशातील वर्षे येतात ती केवळ एका वाक्यापुरती. त्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव पुसून टाकली होती एवढेच लेखक सांगतो. मग बडोद्याचे रेल्वेस्थानक येते आणि ‘आता जावयाचे कोठे’ हा प्रश्न येतो. पारशी नाव धारण करून पारशी वसतिगृहात काढलेले दिवस, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेला जमाव, बागेत घालविलेले तास आणि मुंबईकडे नेणारी रात्रीची गाडी, एवढ्यात ही हकीकत संपते. इतरांच्या आत्मकथनांत अपमानाची जागा इंग्लंड असते आणि घर हे आश्रयस्थान असते. येथे तो क्रम उलटला आहे. ज्या संस्थानाने शिकविले त्याच संस्थानात शिकलेल्या माणसाला खोली मिळत नाही, आणि म्हणून ऋण फेडण्याचा मार्गच बंद होतो. ‘व्हिसा’ हा शब्द शीर्षकात आहे, मजकुरात परकीय सीमेचा प्रसंग नाही. अडविणारी सीमा स्वदेशातली आहे. लंडनविषयीचे मौन आणि बडोद्याविषयीची ही पाने एकत्र वाचली, तरच आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाचा संपूर्ण पाठ हाती लागतो. पूर्व-पश्चिम भेटीच्या सूत्रात हा पाठ बसत नाही, आणि म्हणूनच त्या सूत्राची अपुरेपणाची बाजू तो उघड करतो.

भारताबाहेरील एका विद्यार्थ्याचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी १९०० मध्ये आपल्या शासनाच्या आज्ञेवरून इंग्रजीच्या अभ्यासासाठी लंडनला आले. मिळणारे वेतन अपुरे होते. युनिव्हर्सिटी कॉलेजमधील व्याख्याने त्यांनी थोड्याच अवधीत सोडली, एकापाठोपाठ एक अशा खोल्या बदलल्या आणि जेवणातून वाचविलेला पैसा पुस्तकांवर खर्च केला. त्यांच्या मनाचा तोल गेल्याची वार्ताही जपानपर्यंत पोचली. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुंगाकुरोन’ या साहित्यसिद्धान्तविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत लंडनमधील दोन वर्षे आपल्या आयुष्यातील अत्यंत दुःखद वर्षे होती, असे त्यांनी नमूद केले. मात्र त्याच एकाकी खोलीत, चिनी अभिजात वाङ्मयावर वाढलेल्या आपल्या अभिरुचीला इंग्रजी साहित्य परके का वाटते, हा प्रश्न त्यांना पडला आणि साहित्य म्हणजे काय याचा मुळापासून विचार करणे त्यांना भाग पडले. राज्याचे ऋण त्यांनी फेडले ते असे, एका स्वतंत्र प्रश्नाने. शिक्षणाचे फलित अध्यापकाने दिलेल्या उत्तरांवरून मोजावयाचे, की विद्यार्थ्याने बरोबर नेलेल्या प्रश्नावरून, हा विचार सोसेकींचे उदाहरण करावयास लावते.

घरमालकीण ही व्यक्तिरेखा या सर्व लेखनात पुनःपुन्हा येते, ती बहुधा कंजूष किंवा हास्यास्पद म्हणून. अमर्त्य सेन यांच्या २०२१ मधील ‘होम इन द वर्ल्ड’ या आठवणींत मात्र तिला वाढ आहे. १९५३ मध्ये केंब्रिजला आलेल्या या तरुणाला त्याच्या घरमालकिणीने, गरम पाण्याने स्नान केल्यावर तुमचा रंग टबाला लागणार नाही ना, असे विचारले होते. पुढे तीच बाई वर्णसमतेची कैवारी बनली. शिक्षण एकतर्फी नव्हते, भाड्याने खोली देणारी व्यक्तीही शिकत होती, हे या छोट्या प्रसंगातून सहज सूचित होते.

मराठीत या अनुभवाला प्रशस्त रूप मिळाले ते जयंत नारळीकर यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २०१४ मध्ये साहित्य अकादेमी पुरस्काराने गौरविलेल्या आत्मचरित्रात. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. येथे आरंभी मांडलेल्या विधानाला अपवाद आढळतो, आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. या पुस्तकात अभ्यास आहे, अध्यापक आहेत, गणित आणि खगोलविज्ञान आहे. संशोधक विद्यार्थी असतानाच, १९६१ मध्ये, फ्रेड हॉइल यांच्या वतीने मार्टिन राइल यांच्या निष्कर्षांना उत्तर देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आली, त्या तरुणाला ज्ञानव्यवहारात प्रेक्षक म्हणून बसावे लागले नाही. निवेदनाचा स्वर निगर्वी आणि प्रसन्न आहे. या प्रसन्नतेला व्यक्तिगत स्वभाव कारण आहेच. परंतु तिला एक पूर्वपीठिकाही आहे. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे स्वतः केंब्रिजचे रँग्लर आणि बनारस हिंदू विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक. मुलगा १९५७ मध्ये तेथे गेला तेव्हा ते नगर त्याला घरातल्या गोष्टींतून परिचित होते. प्रवासाला आधार होता तो १८९२ मध्ये स्थापन झालेल्या जे. एन. टाटा निधीच्या शिष्यवृत्तीचा, आणि हा निधी विद्यार्थ्याला देणगी न देता परतफेडीचे कर्ज देतो. व्यवहाराच्या अटी स्पष्ट असल्या आणि देश स्वतंत्र असला, म्हणजे ऋण अपमानकारक राहत नाही. विद्यार्थ्याचे मन विषयाला देता येते. १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत येणे आणि पुढे पुण्यात ‘आयुका’ची उभारणी करणे, ही त्या ऋणाची फेड पुस्तकात कोठेही त्यागाच्या भाषेत सांगितलेली नाही. त्यामुळे नारळीकरांच्या पुस्तकाने मूळ विधान मोडत नाही, त्याला एक मर्यादा पडते: हिशेबाची चिंता जेथे हलकी होते तेथेच विद्यापीठ दिसू लागते.

अमित चौधुरी यांच्या ‘आफ्टरनून राग’ या १९९३ मधील इंग्रजी कादंबरीत ही चिंता जवळजवळ नाहीशी झाली आहे. ऑक्सफर्डमधील भारतीय विद्यार्थी, त्याचे दोन स्त्रियांशी असलेले अर्धस्फुट संबंध, वसतिगृहांच्या खोल्या, रिकाम्या दुपारी आणि त्यांतून मधूनच उमटणाऱ्या मुंबईच्या घराच्या व संगीतगुरूंच्या आठवणी एवढेच तिचे आशयद्रव्य. कथानकाऐवजी रागविस्ताराचे तत्त्व लेखकाने स्वीकारले आहे. तीत पैशाचा हिशेब नाही, परंतु काळाचा आहे. येथील प्रत्येक मैत्री मुदतीची आहे, प्रत्येक खोली पुढच्या वर्षी दुसऱ्याची होणार आहे. ही क्षणिकता विद्यार्थिदशेत स्वाभाविक असली, तरी परदेशी विद्यार्थ्याला ती पारपत्रावरच्या शिक्क्याने लिहून दिलेली असते. कादंबरीचा सौम्य विषाद त्यातून येतो.

याच काळात प्रत्यक्षात मात्र हिशेबाचे स्वरूप पालटत होते. ब्रिटिश शासनाने १९६७ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळे शुल्क सुरू केले आणि १९८० पासून त्यांच्याकडून शिक्षणाचा संपूर्ण खर्च वसूल करण्याचे धोरण अंमलात आणले. वसाहतीच्या काळात विद्यार्थी हा राज्याचा आश्रित किंवा संशयित होता. आता तो विद्यापीठांच्या उत्पन्नाचे साधन झाला. शिक्षणानंतर नोकरी करण्याची वाट २०१२ मध्ये बंद झाली, २०२१ मध्ये ती पुन्हा उघडली. २०२४ च्या जानेवारीपासून बहुसंख्य विद्यार्थ्यांना कुटुंबीयांना बरोबर नेण्याची मनाई झाली. धोरणाच्या अशा प्रत्येक वळणावर कोठल्या तरी गावात गहाण पडलेल्या जमिनीचे गणित बदलते.

या नव्या अवस्थेचे अत्यंत अस्वस्थ करणारे चित्रण संजीव सहोता यांच्या ‘द इयर ऑफ द रनअवेज’ या २०१५ मधील कादंबरीत आहे. शेफील्डमधील एका घरात दाटीवाटीने राहणाऱ्या पंजाबी तरुणांपैकी अवतार हा विद्यार्थी-व्हिसावर आलेला आहे, आणि त्या व्हिसासाठी त्याने आपले एक मूत्रपिंड विकले आहे. महाविद्यालयाचे नाव त्याच्या कागदपत्रांवर आहे; त्याचे दिवस आणि रात्री मजुरीत जातात. लेखकाने ही गोष्ट आक्रोश न करता, तपशिलाच्या ओघात सांगितली आहे. गांधींच्या वहीतील बसभाड्यापासून सुरू झालेला हिशेब येथे शरीरापर्यंत पोचतो. विद्यार्थी हा शब्द उरतो, विद्या उरत नाही. या कादंबरीला विद्यापीठीय अनुभवाचे लेखन म्हणावे काय, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु ज्याला वर्गात बसण्याची सवड मिळाली नाही त्याचा अनुभव त्या विद्यापीठाच्या इतिहासातून वगळावयाचा, तर भुकेल्या आंबेडकरांची ती रात्रही वगळावी लागेल.

पदवी घेऊन परतलेल्याला आत्मचरित्र लिहिण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो. अर्ध्यातून परतलेला, शुल्क न भरता आल्याने नाव कमी झालेला, किंवा कर्ज फेडण्यासाठी तेथेच गोदामात राहिलेला विद्यार्थी लिहीत नाही, आणि लिहिले तरी त्याला वाचक सहजी लाभत नाही. यशोगाथेच्या साच्याला समीक्षेनेच मान्यता दिली असल्याने या मौनाची काही जबाबदारी तिच्याकडेही येते. महाराष्ट्रातून आज शैक्षणिक कर्ज काढून ब्रिटनला जाणाऱ्या मुलांच्या अनुभवाचे समर्थ मराठी लेखन होईल तेव्हा त्याचे मोल पदवीदानाच्या छायाचित्रावरून ठरवून चालणार नाही. बडोद्याच्या स्थानकावर उभ्या राहिलेल्या त्या पदवीधराला कोठे जावयाचे हे ठाऊक नव्हते, आणि त्याने ते तसेच लिहिले. पुढील लेखनाला कसोटी लावावयाची तर ती त्याच पानांवरून घ्यावी लागेल.